मुंबईसमोरच्या पाण्यात उपग्रहाचा नकाशा कधी धरायचा, कधी सोडायचा

वर्सोव्याच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. घरात दोन बोटी, एक डोलीची (एका जागी बांधून ठेवायच्या जाळ्याची) आणि एक तरंगत्या जाळ्यांची. इंटरनेटवरून क्लोरोफिलचा नकाशा उतरवला, त्यात मढसमोर पंधराएक किलोमीटरवर लालभडक पट्टा दिसला. तिथे मासळीचं खाद्य भरपूर असणार असं धरून बोट नेली आणि डिझेल जाळून रिकाम्या हाताने परत यावं लागलं. उपग्रहाचा मासेमारीला खरंच उपयोग होतो का, आणि होत असेल तर आपल्या पाण्यासाठी नकाशा कसा वाचायचा, कसा बनवायचा?

उपयोग होतो. पण तुम्ही पाहिलेला तो लाल पट्टा जवळजवळ नक्की गाळाचा होता. मुंबईसमोर काम करायचं तर सगळ्यात आधी हा गाळ ओळखायला शिकावं लागतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

उपग्रहातला रंगमापक पाण्यातून वर येणारा प्रकाश वेगवेगळ्या तरंगलांबींना मोजतो. वनस्पती प्लवकांमधलं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींमधलं, क्लोरोफिल निळा प्रकाश, साधारण ४४३ नॅनोमीटरच्या आसपासचा, शोषून घेतं. हिरवा, ५५५ च्या आसपासचा, फारसा शोषत नाही. निळ्या आणि हिरव्याच्या गुणोत्तरावरून क्लोरोफिल किती हे ठरवतात. जगभराच्या तयार नकाशांमागे हेच सूत्र आहे, आणि ते खुल्या, स्वच्छ समुद्रासाठी बसवलेलं आहे, जिथे पाण्याचा रंग बदलणारी गोष्ट मुख्यतः प्लवकच असते.

आपल्याकडे तसं नाही. ठाण्याची खाडी, वसईची खाडी, वरून खंभातच्या आखातात नर्मदा-तापीने आणलेला गाळ, तळाला चिखल आणि उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या, दिवसांत पाचेक मीटरचा भरती-ओहोटीचा फरक. दहा-वीस मीटर खोलीपर्यंतचा तळ रोज ढवळला जातो. त्यात खारफुटीतून आणि सांडपाण्यातून येणारी विरघळलेली पिवळसर द्रव्यं असतात, तीही निळा प्रकाश शोषतात. सूत्राला एवढंच कळतं की निळा कमी आला. मग ते ठोकून देतं: क्लोरोफिल १५, क्लोरोफिल २० मिलिग्रॅम प्रति घनमीटर.

वातावरणाचा घोळ वेगळाच. उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशातला साधारण ९० टक्के भाग हवेतून विखुरलेला असतो, पाण्यातून आलेला जेमतेम दहावा हिस्सा. हवेचा भाग वजा करताना असं धरतात की जवळच्या अवरक्त प्रकाशात पाणी पूर्ण काळं दिसतं. गढूळ पाणी त्या प्रकाशातही चमकतं. ती चमक धूलिकणांच्या खात्यात जमा होते, निळ्यातून गरजेपेक्षा जास्त वजाबाकी होते आणि क्लोरोफिल पुन्हा फुगतं. कधी कधी निळ्याची किंमत ऋण येते आणि तो पिक्सेल रिकामाच सुटतो. किनाऱ्यालगत नकाशात पांढरी भोकं दिसतात ती पुष्कळदा यामुळे.

गाळ ओळखायची सोपी खूण म्हणजे लाल प्रकाशाचा पट्टा, म्हणजे ६६५-६७० नॅनोमीटरची परावर्तनाची किंमत. क्लोरोफिलबरोबर हाही थर त्याच फाइलमध्ये असतो, तो उघडून पाहा. नासाच्या फाइलींमध्ये ६७० नॅनोमीटरची किंमत ०.००१२ प्रति स्टेरेडियनच्या वर गेली की त्या पिक्सेलला गढूळ पाण्याचा फ्लॅग, म्हणजे इशाऱ्याची खूण, लागतो. मुंबईसमोर हा फ्लॅग लावला की किनाऱ्याकडचा मोठा पट्टा नकाशातून गायबच होतो. ते पाहून निराश होऊ नका. तिथलं क्लोरोफिल आधीही खरं नव्हतं, आता ते तुम्हाला फसवणार नाही एवढंच. गढूळ पट्ट्यातच काम करायचं असेल तर सेंटिनेल-३ या युरोपच्या उपग्रहाच्या ६६५ आणि ७०९ नॅनोमीटरच्या पट्ट्यांचं गुणोत्तर वापरतात. निळ्याच्या भानगडीत ते पडत नाही. मात्र इथल्या पाण्याचे नमुने घेऊन ते बसवून घेतल्याशिवाय आकडा वापरू नये. जास्त-कमी कुठे आहे तेवढं बघावं.

आता एक गोष्ट, जी पुस्तकांपेक्षा कोळीवाड्यात जास्त चांगली कळते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशोब तुमच्या घरात कुणालाही येत असेल. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. आपला ओशनसॅट-३ मुंबईवरून साधारण दुपारी बाराच्या सुमारास जातो, सेंटिनेल-३ सकाळी दहाच्या सुमारास, व्हीआयआयआरएस हे उपकरण असलेले उपग्रह दुपारी दीडच्या आसपास. या वेळा रोज जवळपास त्याच. म्हणजे बाराचं चित्र उधाणाला कायम भरतीचं येणार आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, कायम ओहोटीचं. शिवाय उधाणाचा ओढ, म्हणजे पाण्याचा प्रवाह, जोरदार, त्यात तळ जास्त ढवळतो. आठवडाभराच्या अंतराची दोन चित्रं शेजारी ठेवून 'प्लवक वाढले' म्हणणारे अहवाल पाहायला मिळतात. वाढलेली असते ती तिथी. म्हणून मुंबईच्या किनाऱ्यालगतची चित्रं एकमेकांशी ताडताना तिथी जुळवून घ्या, अमावास्येचं चित्र पौर्णिमेच्या चित्राशी, अष्टमीचं अष्टमीशी. प्रत्येक फाइलच्या नावापुढे तिथी लिहून ठेवायची सवय लावली तर अर्धे गैरसमज टळतील.

नकाशा स्वतः बनवायचा तर लागणारं सगळं फुकट मिळतं. सेंटिनेल-३ चं रंगमापक ३०० मीटरच्या पिक्सेलचं, युरोपच्या कोपर्निकस सेवेवर. व्हीआयआयआरएस ७५० मीटरचं, नासाच्या ओशन कलर संकेतस्थळावर. नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडलेल्या ओशनसॅट-३ वरचं तेरा पट्ट्यांचं रंगमापक साधारण ३६० मीटरचं, इस्रोच्या एनआरएससी या केंद्राच्या भूनिधी पोर्टलवर. फाइल लेव्हल-२ ची घ्या, म्हणजे वातावरणाची वजाबाकी झालेली पण सरासरी न काढलेली. चौकट १७.५ ते २०.५ उत्तर अक्षांश आणि ७० ते ७३ पूर्व रेखांश एवढी पुरते. सीडास किंवा स्नॅप यांपैकी कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ती उघडते. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर काम आणखी सोपं.

पहिलं काम फ्लॅग लावण्याचं: ढग, जमीन, सूर्याची चकाकी, ढगाच्या कडेचा भटका प्रकाश, वातावरणाची वजाबाकी फसलेले पिक्सेल. यातला भटका प्रकाश लोक सोडून देतात, कारण तो लावला की बरंच पाणी कापलं जातं. पण ढगाच्या कडेने दिसणारी जास्त क्लोरोफिलची झालर हा त्याचाच प्रताप असतो, तेव्हा तो लावाच. चकाकीचा त्रास मार्च ते मे जास्त, सूर्य डोक्यावर असतो तेव्हा. ओशनसॅटचा कॅमेरा वीस अंश कलवता येतो, त्यामुळे त्याची चित्रं या महिन्यांत तुलनेने स्वच्छ येतात.

मग रंगपट्टी. क्लोरोफिल नेहमी लॉग मोजपट्टीवर, म्हणजे समान टप्प्याला समान पट वाढणाऱ्या पट्टीवर, रंगवा, ०.१ ते १० मिलिग्रॅम प्रति घनमीटर. साध्या मोजपट्टीवर वरची मर्यादा १० ठेवली की सगळा किनारा लाल होतो आणि बाहेरच्या पाण्यातले ०.३ आणि ०.८ मधले फरक, ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ते एकाच निळ्यात बुडतात. त्यानंतर ३ गुणिले ३ पिक्सेलचा मध्यक फिल्टर (नऊ पिक्सेलांतली मधली किंमत घेणारा) फिरवला की सुटे चुकार पिक्सेल जातात. ढगांमुळे भोकं राहिली तर जास्तीत जास्त तीन दिवसांची चित्रं एकत्र करा. आठ दिवसांची सरासरी अभ्यासाला ठीक, बोटीला निरुपयोगी, कारण जी रेघ शोधायची तीच त्यात पुसली जाते. तीच गोष्ट 'भोकं नसलेल्या' गुळगुळीत नकाशांची. ढगाखालचा भाग त्यात आकडेमोडीने भरलेला असतो. सोबत अनिश्चिततेचा थर दिलेला असतो तो पाहिल्याशिवाय त्या नकाशावर बोट पाठवू नये.

क्लोरोफिलइतकंच महत्त्व पृष्ठभागाच्या तापमानाला, कारण मासळी नुसत्या हिरव्या पाण्यात जमत नाही, दोन पाण्यांच्या शिवेवर जमते. शीव म्हणजे सीमा, आपल्या शीव स्टेशनातली तीच. गार-गरम किंवा गढूळ-निवळ पाणी जिथे भिडतं तिथे वरचं पाणी दोन्हीकडून ओढलं जातं. प्लवक, फेस, तरंगता कचरा एका रेघेत गोळा होतो, त्यावर लहान मासे, त्यांच्यामागे मोठे. तुमचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, फेसाची रेघ आणि पक्षी बघून हेच शोधतात. उपग्रहाच्या चित्रात ती शीव तापमानाच्या उतारावरून काढायची. दहा किलोमीटरच्या आत अर्धा अंश किंवा त्याहून जास्त फरक पडत असेल आणि रेघ निदान वीस-तीस किलोमीटर सलग असेल तर ती दखल घेण्यासारखी. तीच रेघ क्लोरोफिलच्या नकाशातही दिसली तर भरवसा बराच वाढतो.

तापमान घेताना रात्रीचं चित्र घ्या. अवरक्त किरणांना पाण्याची केसाहूनही पातळ कातडी तेवढी दिसते, एक मिलिमीटरचा शंभरावा भाग. एप्रिल-मे मध्ये वारा पडलेला असताना दुपारी ही कातडी खालच्या पाण्यापेक्षा अंश-दोन अंशांनी तापते आणि खोट्या शिवा उमटतात. पहाटे खालचं-वरचं सारखं झालेलं असतं. ढगांतून आरपार पाहणारे मायक्रोवेव्ह उपग्रह आहेत, पण त्यांचा पिक्सेल पंचवीस किलोमीटरचा आणि किनाऱ्यापासून पन्नासेक किलोमीटर जमिनीच्या छायेने बिघडलेला. आपल्या कामाला ते फार उपयोगी नाहीत.

ऋतूप्रमाणे भरवसा बदलतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. उत्तरेकडचे कोरडे गार वारे पृष्ठभाग थंड करतात, जड झालेलं पाणी खाली बसतं आणि खालचं पोषक द्रव्यांचं पाणी वर मिसळतं. मुंबईबाहेरचं पाणी जानेवारी-फेब्रुवारीत २५-२६ अंशांपर्यंत उतरतं आणि शिवा ठळक दिसतात. मार्चनंतर सगळं पाणी तापून एकसारखं होतं, मे मध्ये ३० च्या आसपास, तेव्हा तापमानाची रेघ पुसट होते आणि क्लोरोफिलच्या कडेवर जास्त विसंबावं लागतं. पावसाळ्यात ढग. १ जून ते ३१ जुलै बंदीच असते, पण ऑगस्टमध्ये हंगाम उघडतो तेव्हाही आभाळ मोकळं नसतं, त्यामुळे ऐन नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यांत रंगमापकाकडून फारशी आशा ठेवू नये.

हिवाळ्यातला एक धोका सांगून ठेवतो. नॉक्टिलुका नावाचा प्लवक अरबी समुद्रात या काळात आणि पुढे मार्चपर्यंत मोठ्या प्रमाणावर फोफावतो. रात्री किनाऱ्यावर लाटा निळसर चमकतात त्या पुष्कळदा याच्याच. उपग्रहाला तिथे भरघोस क्लोरोफिल दिसतं, पण तो बांगड्या-तारलीचं आवडीचं खाणं नाही. त्यावर जेलीसारखे जीव पोसले जातात. पाणी हिरवं-शेवाळी, दाट आणि वास येणारं दिसलं तर नकाशात कितीही लाल असो, जाळी सोडू नका.

आता तयार सल्ल्याबद्दल. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था संभाव्य मत्स्य क्षेत्राचा, म्हणजे पीएफझेडचा सल्ला देते, महाराष्ट्रासाठी वेगळा आणि मराठीतही. वर सांगितलेलं बहुतेक काम तिथे आधीच झालेलं असतं, म्हणून रोजच्या मासेमारीसाठी स्वतःचा नकाशा बनवण्याआधी हा सल्ला नीट वाचायला शिकणं जास्त फायद्याचं आहे, असं माझं मत आहे. त्यात बंदराचं नाव, दिशा, अंशातला कोन, अंतर किलोमीटरमध्ये, खोली मीटरमध्ये आणि अक्षांश-रेखांश असतात.

समजा सल्ला असा आला: वर्सोवा, पश्चिम-नैऋत्य, २५० अंश, ६० ते ६५ किलोमीटर, खोली ४० ते ४५ मीटर, १८ अंश ५६ मिनिटे उत्तर, ७२ अंश १५ मिनिटे पूर्व. खोली वावांत करा: वाव सहा फुटांचा, १.८३ मीटर, म्हणजे २२ ते २५ वाव. अंतर सागरी मैलांत करा: १.८५२ ने भागून साधारण ३२ ते ३५ मैल. कोन खऱ्या उत्तरेपासूनचा असतो. मुंबईत होकायंत्राचा फरक एका अंशाच्या आत आहे, त्यामुळे त्याची चिंता नको.

खरी चूक होते ती जीपीएसमध्ये आकडा भरताना. यंत्र दशांश अंशांवर लावलेलं असतं आणि माणूस १८ अंश ५६ मिनिटांचे १८.५६ करून टाकतो. मिनिटं साठाची असतात, शंभराची नव्हेत. ५६ भागिले ६० म्हणजे ०.९३३, तेव्हा बरोबर आकडा १८.९३३, आणि रेखांश ७२.२५. १८.५६ भरलं तर बोट चाळीस किलोमीटरहून जास्त दक्षिणेला जाते. 'सल्ला खोटा निघाला' अशा तक्रारीत प्रत्यक्ष बोट कुठे गेली होती हे ट्रॅकवर तपासण्यासारखं असतं. यंत्राच्या सेटिंगमध्ये अंश-मिनिटांचा पर्याय असतो, तोच कायम ठेवा.

वेळेचा हिशोबही करायचा. चित्र दुपारी बाराचं, सल्ला संध्याकाळी हातात, बोट रात्री दोनला सुटली आणि सात नॉटने, म्हणजे तासाला सात सागरी मैलांनी, पाचेक तासांत पोचली, तर चित्राला १९ तास झाले. सेकंदाला २५ सेंटिमीटर वाहणारं पाणी तेवढ्या वेळात १७ किलोमीटर सरकतं. भरती-ओहोटीचा ओढ जातो तसा परत येतो, पण त्याखालचा संथ प्रवाह परत येत नाही. पश्चिम किनाऱ्यालगत तो हिवाळ्यात साधारण उत्तरेकडे असतो आणि पावसाळ्यात दक्षिणेकडे. म्हणून दिलेल्या बिंदूवर थांबून जाळी टाकू नका. हिवाळ्यात त्याच्या थोडं उत्तरेला धरून रेघेला आडवी बोट चालवा आणि दर दोन किलोमीटरला तापमान घ्या. ०.१ अंश दाखवणारा डिजिटल थर्मामीटर पुरतो. पाणी बादलीने, इंजिनाचं गरम पाणी बाहेर पडतं त्याच्या विरुद्ध बाजूने काढा. तापमान अचानक अर्धा अंश उडी मारेल तिथे तुमची शीव. सल्ल्याची रेघ मुंबई हायच्या बाजूला जात असेल तर तेलाच्या प्रत्येक फलाटाभोवती ५०० मीटरचं सुरक्षा क्षेत्र आहे, त्यात शिरायचं नाही, मासळी कितीही दिसली तरी.

हे सगळं बांगडा, तारली, सुरमई, कुपा अशा वरच्या पाण्यात फिरणाऱ्या मासळीसाठी. तुमच्या डोलीच्या बोटीला पीएफझेडचा उपयोग नाही. डोल एका जागी बांधलेली, ओढ येईल तसं जाळं भरणार. बोंबील, जवळा, मांदेली त्या गढूळ पट्ट्यातलीच माणसं, आणि तो पट्टा उपग्रहाला नीट वाचताच येत नाही. तिथे तिथी, वारा आणि लाटांचा अंदाज यांवरच चालावं लागतं. घोळ किंवा तळाची कोळंबी यांच्याबाबतही वरच्या पाण्याचा रंग फार थोडं सांगतो. कुप्यासाठी भूखंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, पलीकडे, अडीचशे-तीनशे किलोमीटरवर जाणाऱ्या मोठ्या बोटींना समुद्राची उंची मोजणाऱ्या उपग्रहांचे नकाशेही कामाला येतात. तिथले भोवरे त्यात दिसतात. आत, उथळ पाण्यात, भरतीमुळे ते नकाशे बिघडतात.

उपयोग झाला की नाही हे कळायचं तर नोंदवही हवी. प्रत्येक फेरीला तारीख, तिथी, जाळं सोडल्याची आणि ओढल्याची वेळ, अक्षांश-रेखांश, जाळ्याची लांबी, जातवार किलो आणि तापमान. सोबत सेक्की तबकडी ठेवा: ३० सेंटिमीटरची पांढरी पत्र्याची चकती, मधोमध भोक, खाली वजन, दोरीला दर अर्ध्या मीटरला गाठ. बोटीच्या सावलीच्या बाजूने सोडायची, दिसेनाशी झाली ती खोली लिहायची. तीन मीटरच्या आत ती दिसेनाशी होत असेल तर त्या दिवसाचं त्या जागेचं उपग्रहाचं क्लोरोफिल वहीत लिहूच नका, मी तरी लिहिणार नाही. रिकाम्या फेऱ्या न चुकता लिहा, त्याच गाळल्या जातात आणि हिशोब खोटा होतो. दर तासाला, दर शंभर मीटर जाळ्यामागे किती किलो, असा आकडा काढा. सल्ल्याच्या रेघेवरच्या तीस फेऱ्या आणि त्याच महिन्यांतल्या, त्याच बोटीच्या, रेघेबाहेरच्या तीस फेऱ्या समोरासमोर ठेवा. घरच्या बोटीला एवढ्या फेऱ्या एका हंगामात जमणार नाहीत, तेव्हा शेजारच्या दोन-तीन नाखवांना सोबत घ्या. वही सगळ्यांची एकाच नमुन्याची असू द्या आणि ऑक्टोबरात आभाळ उघडलं की लिहायला लागा.